वाडा पाडायचा हे ठरले, पण नव्या इमारतीत राहायचे कोणी?

(मंडळाच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नाही. कॉमर्सचे पदवीधर आहोत आणि वीस वर्षांहून अधिक काळ बँकेच्या काउंटरमागे बसतो. त्यातली गेली काही वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर. तेव्हा आज जे बोलू ते आकड्यांतच बोलू, कारण दुसरे काही आम्हाला नीट येत नाही.

विषय आपल्या सर्वांना माहीत आहे. न्यासाच्या नावावर असलेला आपला जुना वाडा निगमाच्या अधिकाऱ्यांनी धोकादायक ठरवला आहे. तो पाडावा लागणार यावर आता दुमत नाही. एका बिल्डरचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान आहे. त्याआधी आम्हाला एवढेच विचारायचे आहे की त्या जागेवर जे उभे राहील त्यात कोण राहणार?

थोडे मागे जाऊ. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. दरबाराच्या कामासाठी दक्षिणेतून माणसे येत राहिली. कारकून, फडणीस, वैद्य, भिक्षुक, शिक्षक, आचारी. राजवाड्याच्या आसपास जे वाडे उभे राहिले त्यांत मालक समोरच्या भागात राही, आणि मागच्या सोप्यात, माडीवर, अंगणाच्या कडेच्या खोल्यांत किरायेदार. मालकाची मुलगी आणि मागच्या खोलीतल्या आचाऱ्याची मुलगी एकाच अंगणात भोंडला खेळत. एखाद्या विधवा बाईला एक खोली नाममात्र भाड्याने दिलेली असे आणि तिचे भाडे किती थकले आहे याची वाच्यता कोणी करत नसे.

हे सांगताना आम्ही जुन्याच्या प्रेमात वाहून जात नाही. आमचे स्वतःचे बालपण अशाच एका वाड्यात गेले. नऊ बिऱ्हाडांना एक नळ होता आणि संडासासमोर सकाळी रांग लागे. मालकाशी वडिलांचे बोलणे सहा वर्षे बंद होते, कारण माडीचे छत गळत होते आणि भाडे होते महिना अठरा रुपये. मालकाचेही खरे होते. अठरा रुपयांत तो कुठून कवेलू बदलणार? 1961 च्या आपल्या राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याने किरायेदाराला संरक्षण दिले ते योग्यच होते, पण भाडे जिथल्या तिथे राहिले आणि दुरुस्ती थांबली. मालकाला वाडा पडण्याची वाट पाहणेच परवडू लागले. वाडे असे मेले. मालक एकटा दुष्ट नव्हता आणि किरायेदारही एकटा लबाड नव्हता.

आता काउंटरमागून काय दिसते ते सांगतो.

समजा, 30 लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळू शकतात. म्हणजे 27 लाख कर्ज आणि 3 लाख स्वतःचे. रजिस्ट्रीचा खर्च वेगळा, तो या हिशेबात बँक धरत नाही. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी मासिक हप्ता येतो सुमारे 23,430 रुपये. एवढा हप्ता झेपण्यासाठी घरात दरमहा पन्नास हजारांच्या आसपास आवक हवी, आणि तीही कागदावर दिसणारी. पन्नाशी ओलांडलेला माणूस आला तर आणखी अडचण. निवृत्तीला पाच वर्षे उरली असतील तर नुसत्या 10 लाखांचा हप्ता साडेवीस हजारांवर जातो.

आता आपल्या वाड्यातली बिऱ्हाडे डोळ्यांसमोर आणा. एक काकू कुटुंब-निवृत्तिवेतनावर आहेत. एक गुरुजी आहेत, त्यांची मिळकत दक्षिणेची. त्यांना कुठली सॅलरी स्लिप मिळणार? एक ताई खाजगी शाळेत शिकवतात, दर मेमध्ये सेवा खंडित आणि जुलैमध्ये पुन्हा नेमणूक. एक दांपत्य पोळ्यांचे डबे देते आणि रोखीत व्यवहार करते. ही माणसे कर्ज बुडवणारी नाहीत. उलट आमच्या अनुभवात अशीच माणसे पहिल्या तारखेला पैसे घेऊन उभी असतात. पण आम्ही त्यांचा अर्ज पुढे पाठवू शकत नाही. पाठवला तर वरून परत येतो, आणि परतीचा शेरा आम्हालाच त्यांना वाचून दाखवावा लागतो. हे काम आम्ही अनेकदा केले आहे. त्याची सवय होत नाही.

सरकारी योजना नाहीत असे नाही. 2024 साली मंजूर झालेल्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नसलेल्या कुटुंबाला व्याजात मदत आहे. जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. ज्याला कर्ज मिळते त्याला ही मदत उपयोगी आहे. ज्याला कर्जच मिळत नाही त्याला व्याजातली सूट काय कामाची? त्याच योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही एक वेगळा भाग आहे. त्याच्याविषयी विचारायला आमच्या टेबलावर आजवर कोणी आलेले नाही. आपल्या मनात घर म्हणजे मालकीचे घर, असे पक्के बसले आहे. 1961 साली देशातल्या शहरांमध्ये निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण 28 टक्क्यांवर आले. आणि त्याच जनगणनेत शहरांतली एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी, कुलूपबंद आढळली. घरे आहेत, माणसेही आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही.

यावर उपाय शोधायला फार दूर जायला नको. आपल्याच गावात, देवास रस्त्यावर, अरण्य वसाहत आहे. आपल्यापैकी बरेच जण तिच्यावरून रोज जात असतील. 1983 च्या सुमारास बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी तिचा आराखडा केला. दोशी जन्माने पुण्याचे, हे जाता जाता. सुमारे 85 हेक्टर जमीन आणि साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. त्यातले 65 टक्के अत्यंत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, लहानात लहान 35 चौरस मीटरचा. मोठ्या रस्त्यालगतचे मोठे प्लॉट बाजारभावाने विकायचे आणि त्या नफ्यातून आतल्या लहान प्लॉटांचा भार हलका करायचा. लहान प्लॉटवर सरकारने पूर्ण घर बांधून दिले नाही. जोते, नळ, संडास आणि फार तर एक खोली. पुढचे ज्याने त्याने आपल्या कुवतीने वाढवायचे. या वसाहतीला 1995 साली आगा खान पुरस्कार मिळाला आणि 2018 साली दोशींना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले तेव्हा जगभर अरण्यचे नाव घेतले गेले.

आम्ही अरण्यमध्ये कर्जाच्या पाहणीसाठी कैकदा गेलो आहोत. गल्ल्या माणसांनी भरलेल्या, ओट्यावर बायका निवडण-टिपण करीत बसलेल्या, वरची खोली भाड्याने दिलेली. योजना फसली असे कोणी म्हणू नये. पण एक गोष्ट तिथे झाली. लहान प्लॉट ज्यांना मिळाले त्यांतल्या अनेकांनी पुढे ते विकले. त्यांचा दोष नाही. आजारपण येते, लग्न येते, भाव चांगला येतो. घेणारा त्यांच्याहून वरच्या उत्पन्नाचा असतो. एका विक्रीनंतर ते घर बाजारात गेले आणि परत आले नाही. विकून टाकलेले घर गरजू माणसाला एकदाच परवडते, पहिल्या वेळी. दुसऱ्या गरजूसाठी ते उरत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की नव्या इमारतीतली सगळी घरे विकू नयेत. काही बाजारभावाने विकावीत, काही जुन्या बिऱ्हाडांना लागत मूल्यात द्यावीत, आणि काही कायमची न्यासाच्या मालकीची ठेवून भाड्याने द्यावीत. एकाच जिन्यावर, एकाच लिफ्टमध्ये.

आता दोन्ही प्रस्तावांचे आकडे पाहू. जागा 7,200 चौरस फूट. आमच्या परिचयाच्या वास्तुविशारदांच्या अंदाजाने बांधता येणारे क्षेत्र सुमारे 12,000 चौरस फूट. त्यात एक हजारांचे सभागृह आणि साडेपाचशे फुटांची वीस घरे. बिल्डर म्हणतात, सभागृह बांधून देऊ, वर मंडळाला 50 लाख रोख देऊ, किरायेदारांना थोडीफार रक्कम देऊन मोकळे करू, वीसही घरे आमची. ऐकायला गोड आहे. 50 लाख ही रक्कम आपल्या मंडळाने एकरकमी कधी पाहिलेली नाही.

पण त्यांच्या बाजूचा हिशेब मांडून पाहा. बांधकाम 2,200 रुपये फुटाने 2 कोटी 64 लाख. लिफ्ट, परवानग्या, आराखडा, व्याज, बांधकामाच्या काळातले किरायेदारांचे भाडे मिळून 46 लाख धरू. एकूण 3 कोटी 10 लाख. या भागातला आजचा भाव साडेपाच हजार फूट धरला तर एक घर सव्वातीस लाखांना जाते आणि वीस घरांचे येतात 6 कोटी 5 लाख. आपले 50 लाख वजा जाता बिल्डरांकडे जवळपास अडीच कोटी उरतात. त्यांचा धंदा आहे, त्यांनी कमवावे. पण ते अडीच कोटी आपल्या जमिनीचे आहेत.

आता दुसरा हिशेब. वाड्यात कागदोपत्री अकरा किरायेदार आहेत. त्यातली तीन खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप आहे. मंडळी सुदामानगरकडे किंवा बायपासपलीकडे स्वतःच्या घरात सुखाने राहतात आणि इथली खोली हक्क म्हणून धरून ठेवली आहे. (त्यांतले काही जण आज इथे बसले आहेत. त्यांनी आमच्यावर रागावावे, आमची हरकत नाही.) कायद्याने जे द्यावे लागेल ते त्यांना द्यावे, पण नवे घर नाही. खरोखर राहणारी बिऱ्हाडे आठ. त्यांतली चार जणांची थोडे कर्ज काढून घर घेण्याची तयारी आहे. त्यांना लागत मूल्यात, म्हणजे 14 लाखांत द्यावे. अट एकच की पुढे विकायचे झाल्यास आधी मंडळाला विचारायचे आणि ठरलेल्या सूत्राने मंडळालाच द्यायचे. नऊ घरे बाजारभावाने विकावीत. नऊ घरांचे 2 कोटी 72 लाख आणि चार घरांचे 56 लाख मिळून 3 कोटी 28 लाख होतात. खर्च 3 कोटी 10 लाख. अठरा लाख गंगाजळीत राहतात, सभागृह मिळते आणि सात घरे न्यासाच्या नावावर उरतात, कर्जाशिवाय. त्यांतली चार वाड्यातल्या उरलेल्या बिऱ्हाडांना आणि तीन नव्या गरजूंना. महिना साडेतीन हजार भाडे धरले, जे बाजाराच्या निम्म्याहून कमी आहे, तरी वर्षाला 2 लाख 94 हजार येतात. त्यातून रंगरंगोटी, लिफ्टची देखभाल आणि निगमाचा कर निघतो. छत गळू लागले तर कोणाशी बोलणे बंद करावे लागणार नाही.

50 लाख रोख विरुद्ध सात घरे आणि अठरा लाख. त्या सात घरांची बाजारातली किंमत आजच दोन कोटींच्या वर आहे.

धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. बँकेचा माणूस असे म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नऊ घरे वेळेवर विकली गेली नाहीत तर एक कोटीच्या कर्जावर अकरा टक्क्यांनी दरमहा नव्वद हजारांवर व्याज चढते, आणि अठरा लाखांची गंगाजळी दीड-पावणेदोन वर्षांत संपते. वीस घरांची योजना असल्यामुळे रेरामध्ये नोंदणी करावीच लागेल. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामावर खर्च करावे लागतील. ही कटकट वाटते, पण आपल्यासारख्या नवशिक्यांना ती कुंपणासारखी उपयोगी आहे. न्यासाच्या मालमत्तेच्या विक्रीला सार्वजनिक न्यासांच्या निबंधकांची पूर्वपरवानगी लागेल. निदान पाच घरांचे आगाऊ आरक्षण हाती आल्याशिवाय पाया खणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका याहून मोठा आहे, आणि तो आपण स्वतः आहोत. मंडळ घरमालक झाले की भाडे थकवणारा कोणाचा तरी मेहुणा निघणार. कार्यकारिणी बदलली की यादी बदलणार. म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवावे लागेल. करार लेखी आणि मुदतीचा. 2021 साली केंद्राने जो नमुना भाडेकरू कायदा राज्यांपुढे ठेवला त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असे आहे, ते आपणही पाळावे. भाडे दर तीन वर्षांनी थोडे वाढावे, अठरा रुपयांवर गोठू नये. भाडेकरूचा मुलगा आपोआप वारस नाही, त्याने पुन्हा अर्ज करावा. नव्या बिऱ्हाडांची निवड चिठ्ठी टाकून, सर्वांसमोर.

आणखी एक प्रश्न परवा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला. सव्वातीस लाख देणारा माणूस साडेतीन हजारांच्या भाडेकरूशेजारी राहायला येईल का? बिल्डरांच्या आराखड्यात तर, काही किरायेदार अडून बसलेच तर त्यांच्यासाठी म्हणून, मागच्या बोळातून वेगळा जिना दाखवला होता. व्हिएन्ना शहरात नगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीची दोन लाखांवर घरे भाड्याने आहेत. तिथे उत्पन्न पाहिले जाते ते घरात शिरताना. नंतर पगार वाढला म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यावर ट्रामचा चालक आणि डॉक्टर राहतात, आणि ती गरिबांची इमारत आहे असे तिच्याकडे बोट दाखवून कोणी म्हणू शकत नाही. पण व्हिएन्ना कशाला? आपल्या आजोबांना शेजारी आचारी राहतो म्हणून कमीपणा वाटला नव्हता.

शहराच्या राजकारणाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण हे पत्र त्यासाठीच निघते. 1918 साली होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरचा अहवाल लिहिला. प्लेगचे दिवस होते. सगळे जुने मोहल्ले पाडून रुंद रस्ते करावेत असे वातावरण होते. गेडिस म्हणाले की मोजकी मोडकळीला आलेली घरे काढा, चौक मोकळे करा, बाकीच्यांना राहू द्या. दिवाळीच्या मिरवणुकीत त्यांनी प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा काढून जाळली, हा किस्सा जुन्या माणसांना ऐकून माहीत असेल. शंभर वर्षांपूर्वी जे आपल्या शहराला सांगितले गेले ते आपले पार्षद आज वाचतील अशी आशा नाही, पण विचारता तर येते.

विचारायच्या दोन गोष्टी आहेत. एक, नवी कॉलनी काढणाऱ्यांनी दुर्बल घटकांसाठी जागा ठेवायची, नाही तर आश्रय शुल्क भरायचे, अशी आपल्या राज्यात व्यवस्था आहे. शुल्क भरले की कॉलनी एकजात श्रीमंतांची होते आणि गरिबांची घरे शहराच्या टोकाला जातात. आपल्या वॉर्डातून गोळा झालेले शुल्क आपल्याच वॉर्डात घरांसाठी का खर्च होऊ नये? महाराष्ट्रात 2013 पासून मोठ्या शहरांतल्या 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के लहान घरांची सक्ती आहे. तिथेही पळवाटा आहेत, पण नियम तरी आहे.

दोन, हुकुमचंद मिल. 1991 साली बंद झाली, आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर किती जण गेले त्याची मोजदाद त्यांच्या घरच्यांनाच. थकबाकी चुकवण्याच्या त्याच तडजोडीत जमीन गृहनिर्माण मंडळाकडे आली. भर शहरातल्या त्या जमिनीवर सगळी घरे विक्रीचीच असावीत, की काही निगमाच्या मालकीची भाड्याची ठेवावीत? मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न दारातच विचारावा. आपल्या मतांची संख्या आता फार नाही हे आम्ही जाणतो. ती का कमी झाली? रामबाग, नारायणबाग, जुनी इंदूर या भागांतून माणसे उठून कुठे गेली आणि का गेली, याचेही उत्तर घरांच्या भावातच सापडेल. गणपतीच्या आरतीला दहाही माणसे जमत नाहीत अशी तक्रार आपण दरवर्षी करतो. आरतीला येणारी माणसे तेव्हा बायपासवरच्या सिटी बसमध्ये असतात.

शेवटी एक लहानशी गोष्ट. मागच्या आठवड्यात आम्ही वाड्यात मापे घ्यायला गेलो होतो. त्या निवृत्तिवेतनवाल्या काकूंनी चहा दिला आणि विचारले, नव्या घरात नळ घरातच असेल का? असेल म्हटले. मग त्या म्हणाल्या, तळमजल्याचे घर मला नको बरे का, तिथे दिवसभर लोक डोकावतात. भाडे किती, मालकी कोणाची, हे त्यांनी विचारले नाही. त्या घर मिळणार असे धरूनच चालल्या होत्या. आम्ही त्यांना काही आश्वासन दिलेले नाही. ते देणे सर्वसाधारण सभेच्या हाती आहे.

या हिशेबाची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात फळ्याशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. आपल्यात निवृत्त लेखापाल आहेत, अभियंते आहेत, एक-दोन वकीलही आहेत. त्यांनी ती तपासावी. चूक सापडली तर समासात लाल शाईने खूण करावी आणि पुढे आपली सही करावी, म्हणजे सभेच्या आत दुरुस्त करून पुन्हा मांडता येईल.